अठ्ठेचाळीस फेरे

पेचकसाचं टोक मोटरीच्या अंगावर,
मूठ कानामागच्या हाडाला.
बस्स. कुणी शिकवलं नव्हतं मला.
तेराव्या वर्षी सांगायचो,
मागची बेरिंग गेली, पुढची अजून
सहा महिने कुरकुरत जगेल.
देगलूर रोडचे डाळमिलवाले
टोपी सावरून ऐकायचे,
पंचांग ऐकावं तसे.

खाजामियाँ तेवढे ऐकायचे नाहीत.
जळक्या स्टेटरमधून छिन्नीनं तांबं काढायचे,
काळं, करपल्या लाखेच्या वासाचं,
आणि एकेक तार नखानं सोडवत मोजायचे.
बाहेर वरात जावो, वीज जावो,
ओठ हलत राहायचे.
मला म्हणायचे, "कान अल्लाने दिया,
उसका पगार अल्ला लेगा.
तेरे कू मैं गिनती का देतूँ."

मला हसू यायचं.
गुंडी तळहातावर झेलली की
वजनातच आकडा कळायचा,
बावन्न, छत्तीस, जो असेल तो.
दहादा त्यांनी मोजून बघितलं, दहादा मी बरोबर.
अकराव्यांदा ते लग्नाला निलंग्याला गेले.

भालकेशेठच्या मिलची साडेसात एचपी.
मी चव्वेचाळीस म्हणालो आणि भरली.
होते अठ्ठेचाळीस.
चार फेऱ्यांचं वजन किती?
पोरीच्या पैंजणातल्या घुंगराएवढं.
आवाज तर असा गोड की
मीच पाच मिनिटं उभा राहून ऐकला.
तिसऱ्या दिवशी, ऐन तुरीच्या हंगामात,
मिलमधून धूर निघाला,
आणि निवडणाऱ्या अडतीस बाया
सुपांसकट अंगणात येऊन बसल्या.
सगळ्यांचा रोज बुडाला.
शेठ काही बोलले नाहीत.
एकीनंच विचारलं, "कुणी भरली रं ही?"

खाजामियाँ परतले. ओरडले नाहीत.
जळकी गुंडी माझ्या मांडीवर ठेवली.
"गिन."
चव्वेचाळीस. माझाच आकडा, बिनचूक भरलेला.
"अब पैले की निकाल."
भंगाराच्या टोपलीतून जुनी शोधली.
मोजता मोजता दिवे लागले.
त्यांनी घरून डबा मागवला, दोघांचा.

आता दुकान माझं आहे.
सुकेशनी सोनकांबळे, आयटीआय, पहिला वर्ग.
तिला कान नाही. खरंच नाही.
चालती मोटर आणि घरचा मिक्सर तिला सारखाच.
पण वही आहे, दोनशे पानी:
"१२ डिसेंबर. पटेलांची गिरणी. सर म्हणाले घर्र.
मला ऐकू आलं नाही.
उघडली. बेरिंगचा पिंजरा तुटलेला.
पुन्हा ऐकणे."
पानामागून पानं अशीच.
मी चोरून वाचली आणि कितीतरी वेळ
हातातला चिमटा तसाच राहिला.
माझं ऐकणं कुणीतरी मोजत होतं.

आणि माझा उजवा कान, दोन वर्षं झाली,
गव्हाचं पोतं टेकवल्यासारखा आहे.
लातूरच्या डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली,
घाट उतरावा तशी.
कुणाला सांगितलं नाही.
गिऱ्हाइकासमोर पेचकस अजून लावतो,
मान हलवतो, मग तिच्याकडे देतो:
काय वाटतं?
ती डोळे मिटते. फार वेळ घेते,
मी कधीच घेतला नाही एवढा.
"मागे," म्हणते. "बहुतेक मागे. उघडून बघू."
उघडतो. कधी मागे असतं.
कधी नसतं, तर वहीत तेही जातं.

काल चौबाऱ्याकडून बँड आला,
भालक्यांचा नातू दारात, हातात पैसे, पायात घाई,
चहावाला पोरगा "काकी, कप द्या" करत उभा.
मी तिला हाक मारली.
तिनं वर न बघता तळहात दाखवला.
ओठ हलत होते.
चहावर साय धरली.
नातवाला मी खुणेनंच स्टुलावर बसवलं
आणि आवाज न करता
तिच्याबरोबर मोजू लागलो,
एकेचाळीस, बेचाळीस